कोर्लईच्या ‘बेबे’ची कुळकथा

रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाववरून मुरुडकडे निघालं की कोर्लई लागतं. पाहुणे किल्ला नि दीपगृह बघतात आणि काशीदची वाळू गाठतात. किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीतली बोली त्यांच्या कानी पडत नाही. ती बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. बोली पोर्तुगीज कुळातली, वाक्याची ठेवण मात्र मराठी: क्रियापद शेवटी.

पोर्तुगीजांना चौलला कोट बांधायची परवानगी १५२१ साली निजामशाहीकडून मिळाली. समोरचा कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये जिंकला आणि १७४० साली सगळंच मराठ्यांच्या हाती गेलं. भाषा मागे राहिली, पण जशीच्या तशी नाही.

काय राहिलं, हे बरंचसं आघाताने, म्हणजे उच्चारातल्या जोराने ठरवलं. मराठीत अक्षरावरच्या जोराने सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला जरा परकी वाटते. इटालियनमध्ये ‘कान्तो’च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘मी गातो’, दुसऱ्यावर दिला तर ‘तो गायला’. पोर्तुगीज ही तिचीच बहीण. तिथे ‘पिणे’ म्हणजे ‘बे-बेर’, जोर दुसऱ्या अक्षरावर. ‘प्याला’ म्हणजे ‘बे-बेउ’, पुन्हा दुसऱ्यावर. ‘पीत’साठी ‘बे-बेन-दु’ आणि ‘प्यालेलं’साठी ‘बे-बी-दु’. अक्षरं तीन झाली तरी जोर मधल्यावरच. कोर्लईत यांची रूपं झाली बेबे, बेबेव, बेबेन, बेबीद. शेवटचा ‘र’ गळला, ‘दु’ कुठे अख्खा गेला, कुठे त्यातला नुसता स्वर, पण जोराचं अक्षर कुठेच हललं नाही. पोर्तुगीजमधली पुरुष-वचनांची लांबलचक रूपावली इथे आटली आणि चार रूपांवर भागलं.

खरी गंमत पुढे आहे. पोर्तुगीज क्रियापदांचे गट तीन: ‘आर’, ‘एर’ आणि ‘ईर’ने संपणारे. कोर्लईत चौथा आहे, उकारान्त, आणि तो मराठीतून घेतलेल्या क्रियापदांचा. आपलं ‘लोटणे’ तिथे ‘लोटु’ होतं आणि बेबेन, बेबीदच्या चालीवर ‘लोटुन’, ‘लोटुद’ अशी रूपं घेतं. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते १९९६ साली आलं.

हिला ‘मोडकी पोर्तुगीज’ म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं: हा चौथा गट लिस्बनच्या कुठल्याच व्याकरणात नाही. तो कोर्लईत घडला.