गुरुत्वीय सूक्ष्मभिंगाने सापडलेला पहिला ग्रह
ओजीएलई २००३-बीएलजी-२३५एलबी हा सूर्यकुलाबाहेरील महाकाय वायुरूप ग्रह धनू राशीच्या दिशेस आहे. पार्श्वभूमीवरील ताऱ्यासमोरून दुसरा तारा गेल्यास त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागील प्रकाश वाकतो व काही काळ वाढलेला दिसतो. ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९३६ मध्ये हे गणित मांडले. मात्र असा प्रसंग प्रत्यक्ष दिसण्याची आशा त्यांना नव्हती व तत्कालीन साधने पाहता ते रास्तच होते. बोहदान पाचिन्स्की यांनी १९८६ मध्ये लक्षावधी ताऱ्यांवर एकाच वेळी पाळत ठेवण्याचे सुचविले. त्यांचा रोख ग्रहांवर नसून अदृश्य द्रव्यावर होता. ग्रहांचा विचार त्यांनी शूदे माओ यांच्यासह १९९१ मध्ये केला.

२००३ मध्ये चिलीतील लास कांपानास व न्यूझीलंडमधील मौंट जॉन येथील वेधांत एका प्रकाशवक्रात सुमारे सात दिवसांची तीव्र विकृती आढळली. भिंगताऱ्याच्या सुमारे ०·४% वस्तुमानाचा सोबती हे तिचे कारण होय. २००४ मध्ये हे वस्तुमान गुरूच्या दीडपट मानले गेले. ताऱ्यांची ती जुळणी पुन्हा होणारी नसल्याने मूळ वेध परत घेणे अशक्य होते. तथापि भिंगतारा पार्श्वताऱ्यापासून सरकू लागल्यावर हबल अवकाश दूरदर्शकाने दोहोंच्या प्रकाशातील फरक टिपला. त्यावरून २००६ मध्ये ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या सुमारे २·६ पट व अंतर सुमारे १९,००० प्रकाशवर्षे ठरले.