अहवालात पाणी शुद्ध, मग धातू गेले कुठे?

ओहोटी लागली, की डहाणू-पालघर किनाऱ्यावरील खाड्यांच्या चिखलात कालवे आणि शिवल्या काढणाऱ्यांची लगबग सुरू होते. चिंचणी आणि तारापूर या दोन गावांमधील खाडीही याच किनाऱ्यावरची. तेथून काही मैलांवर, बोईसरला, तारापूर औद्योगिक वसाहत उभी आहे. पाण्यात जड धातू आहेत का, हा प्रश्न त्यामुळे येथे पिण्याच्या पाण्यापाशी थांबत नाही. तो ताटातील मासळीपर्यंत जातो.

या वसाहतीत रसायने, औषधे, रंगद्रव्ये, पोलाद आणि कापड यांचे कारखाने आहेत. त्यांच्या सांडपाण्यावर सामूहिक केंद्रात प्रक्रिया करून ते नवापूर येथे समुद्रात सोडण्याची व्यवस्था करण्यात आली. मात्र जुन्या केंद्राची क्षमता दिवसाला अडीच कोटी लिटर, आणि प्रत्यक्षात येणारे सांडपाणी त्याहून अधिक, अशी तक्रार मच्छीमार वर्षानुवर्षे करीत होते. अखेर २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिले ठरले. हा पहिला क्रमांक मिरवण्यासारखा नव्हे. तथापि, हवा, पाणी व जमीन यांचा एकत्रित विचार करणाऱ्या या आकड्यावरून कोणता धातू कोठे, किती आहे हे कळत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते आणि तिच्यात खाचाखोचा फार आहेत.

पहिली अडचण नमुन्याची. शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, क्रोमियम हे घटक पाण्यात अत्यल्प असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३, पाऱ्याची ०.००१, तर एकूण क्रोमियमची ०.०५ मिलिग्रॅम आहे. इतक्या सूक्ष्म प्रमाणात अस्वच्छ बाटलीही निष्कर्ष बिघडवू शकते. म्हणून बाटल्या आम्लाने धुतात. विरघळलेला धातू मोजायचा असेल, तर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून त्यात नायट्रिक आम्ल घालतात, जेणेकरून धातू बाटलीच्या आतील बाजूस चिकटून राहू नये.

दुसरी खोच यंत्राची. अनेक अहवालांत 'आढळले नाही' असा शेरा असतो आणि वाचणारा निश्चिंत होतो. पण समजा, यंत्राला कॅडमियम ०.०१ मिलिग्रॅमच्या खाली दिसतच नसेल, तर ०.००३ च्या मर्यादेबद्दल तो शेरा काहीच सांगत नाही. यंत्राची किमान मापनक्षमता किती, हे अहवालात आधी पाहावे.

तिसरी आणि येथे सर्वांत महत्त्वाची बाब गाळाची. गोडे पाणी खाऱ्या पाण्यात मिसळते तेथे मातीचे सूक्ष्म कण एकत्र येऊन जड होतात आणि धातूंना सोबत घेऊन तळाशी बसतात. वरचे पाणी निवळ, नियमात बसणारे. गाळात मात्र वर्षानुवर्षांचा साठा. पावसाळ्यातील पूर हा गाळ ढवळतो, शिवाय पाण्याची पातळ भर घालतो. एकाच खाडीचे मे महिन्यातील व ऑगस्टमधील आकडे म्हणूनच जुळत नाहीत. नमुना भरतीला घेतला की ओहोटीला, यानेही फरक पडतो.

गाळातील आकड्याचा अर्थ लावण्यासाठी त्या भूमीची नैसर्गिक पातळी माहीत असावी लागते. महाराष्ट्राचा काळा बेसाल्ट मुळातच तांबे, निकेल आणि क्रोमियम यांनी समृद्ध आहे. जगभरच्या सरासरी खडकाशी तुलना केली, तर कारखाना नसलेल्या ओढ्याचा गाळही दूषित ठरू शकतो. उलट सारा दोष खडकावर ढकलणेही सोयीचे असते. जर्मन शास्त्रज्ञ म्युलर यांनी १९६९ मध्ये मांडलेला भूसंचय निर्देशांक नैसर्गिक पातळीला दीडपट करून मगच तुलना करतो. पारा, कॅडमियम किंवा शिसे यांची वाढ मात्र बेसाल्टच्या नावावर सहज खपवता येत नाही.

आता आरोग्याचे गणित. शरीरात रोज जाणारी मात्रा वजनाने भागून ती सुरक्षित मानलेल्या मात्रेशी ताडून पाहतात. भागाकार एकाच्या वर गेला तर चिंता. ६० किलो वजनाच्या माणसाने मर्यादेइतके कॅडमियम असलेले दोन लिटर पाणी रोज प्यायले, तर किलोमागे ०.०००१ मिलिग्रॅम जाते. अमेरिकी पर्यावरण संस्थेने पाण्यासाठी धरलेल्या ०.०००५ च्या तुलनेत भागाकार ०.२ येतो. पंधरा किलोच्या मुलाने एकच लिटर प्यायले तरी तो ०.४, म्हणजे दुप्पट.

कालवांचे गणित याहून बोलके आहे. उदाहरणादाखल, किलोमागे एक मिलिग्रॅम कॅडमियम असलेली शंभर ग्रॅम कालवे खाल्ली, तर शरीरात ०.१ मिलिग्रॅम जाते. मर्यादेइतके कॅडमियम असलेले तेहेतीस लिटर पाणी प्यावे, तेव्हा तेवढी मात्रा भरते. जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये महिन्याची सह्य मात्रा किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅम ठरवली. साठ किलोच्या व्यक्तीला अशी पंधरा जेवणे पुरतात. कालवे, शिवल्या पाणी गाळून जगतात आणि धातू अंगी साठवतात, हे त्यामागचे कारण.

कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशके राहते आणि हाडे ठिसूळ करते; जपानच्या जिंत्सू नदीकाठचा 'इताई-इताई' आजार १९६८ मध्ये त्यामुळेच झाल्याचे सरकारने मान्य केले. पाऱ्याला गाळातील जीवाणू मिथिल पाऱ्याचे रूप देतात आणि मोठ्या माशांत तो वाढत जातो. मिनामाताचा रोग १९५६ मध्ये उघडकीस आला तो मिथिल पाऱ्यामुळेच. शिशाची मुलांसाठी निर्धोक अशी पातळीच ज्ञात नाही. क्रोमियमचे सहा संयुजेचे रूप कर्करोगकारक, तीन संयुजेचे तुलनेने निरुपद्रवी. त्यामुळे केवळ 'एकूण क्रोमियम' हा आकडा अपुरा पडतो.

पाणी उकळल्याने यांपैकी एकही धातू काढून टाकता येत नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. क्लोरीनचाही उपयोग नाही. तुरटीने कणांना चिकटलेला काही भाग खाली बसतो, विरघळलेल्यापैकी बराच मागे राहतो.

खाडीकाठच्या गावासाठी तपासणी मागायची तर पाण्याच्या बाटलीबरोबर तळाचा गाळ, कालवे, निवटी आणि बोय यांचेही नमुने मागावे लागतात. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा, आणि कारखान्यांच्या वरच्या अंगाच्या एखाद्या स्वच्छ ओढ्याच्या नमुन्याशी पडताळून.