निवळ पाण्याची परीक्षा

अंधाऱ्या खोलींत उन्हाचा कवडसा आला म्हणजे एरवीं न दिसणारे धूलिकण त्यांत तरंगतांना दिसतात. ते दिसतात ते कवडशाकडे बाजूनें पाहिल्यामुळें. पाण्याच्या परीक्षेच्या इतिहासांत या साध्या अनुभवास मोठें स्थान आहे.

१९०० सालीं अमेरिकेंत व्हिपल व जॅक्सन यांनीं गढूळपणा मोजण्याच्या पद्धतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढें जॅक्सनच्या नांवाचें मेणबत्तीचें यंत्र रूढ झालें. पेटत्या मेणबत्तीवर कांचेची उभी नळी धरावयाची, तींत पाणी ओतीत जावयाचें, आणि वरून पाहतां ज्योतीची आकृति विरून नुसता उजेड उरला कीं पाण्याची उंची वाचावयाची. पाणी जितकें गढूळ, तितकी उंची कमी. युक्ति सोपी, परंतु सुमारें २५ अंशांखालील गढूळपणा तिला मोजतां येत नसे. चांगलें गाळलेलें पाणी तर याहून कितीतरी निवळ असतें.

उपाय कवडशानेंच दाखविला. हार्वर्ड येथील रिचर्ड्स यानें परमाणुभार ठरवितांना द्रवांत उरलेले सिल्व्हर क्लोराइडचे सूक्ष्म कण त्यांनीं विखुरलेल्या प्रकाशावरून मोजले. १८९४ सालच्या त्या उपकरणास त्यानें ‘मेघ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नेफेलोमीटर हें नांव दिलें. १९२६ सालीं फॉर्मझिन या द्रवाची कृति प्रसिद्ध झाली. तो कोठेंही सारख्याच गढूळपणाचा करतां येत असल्यानें यंत्रांना विश्वसनीय परिमाण लाभलें. पुढें किरणाशीं काटकोनांत येणारा प्रकाश मोजणारीं यंत्रें जलकेंद्रांत आलीं.

परंतु यंत्राकडे पाहणारेंही कोणी हवें. अमेरिकेंतील मिलवॉकी शहराच्या दक्षिण जलकेंद्रांतील पाण्याचा गढूळपणा एरवीं पाव अंशाच्या आसपास राही. १९९३ च्या मार्चअखेर तो १.७ अंशांवर गेला. नुसत्या डोळ्यांना तें पाणी निवळच भासलें असतें. मोजणी दर आठ तासांनीं होत असे. पाणी उकळून पिण्याची सूचना निघाली ती ७ एप्रिल रोजीं. तोंवर क्लोरीनला दाद न देणारे क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचे परजीवी घरोघर पोंचले होते. सुमारें ४,०३,००० माणसें आजारी पडलीं, असा अंदाज पुढें करण्यांत आला.

गढूळपणाचा आंकडा रोगजंतूचें नांव सांगत नाहीं. गाळणी चुकते आहे, एवढेंच सांगतो. पण तें वेळेवर ऐकावें लागतें. १९९८ सालीं अमेरिकेंत मोठ्या जलकेंद्रांसाठीं नवा नियम झाला: प्रत्येक गाळणीच्या पाण्याची नोंद दर पंधरा मिनिटांनीं ठेवावयाची.