खूप, फार, लई

लोणावळ्याच्या पावसाला शहरी पाहुणा ‘खूप’ म्हणतो, मावळातला शेतकरी ‘लई’. ‘फार’ हा संस्कृत ‘स्फार’चा, म्हणजे विस्तीर्णाचा, वंशज. ‘खूप’ मात्र फारसीतून आला. तिकडे ‘खूब’ म्हणजे चांगले, सुंदर. मराठीत त्यातला चांगुलपणा गळाला, नुसती रास उरली. इंग्रजी ‘व्हेरी’चेही तेच: मुळाशी लॅटिन ‘वेरस’, म्हणजे खरे. आता त्यात खरेपणा कोण शोधतो! तुर्कीत या ‘व्हेरी’ला ‘चोक’ म्हणतात, आणि तो ‘खूप’सारखाच संख्येलाही चालतो, गुणालाही.

खरी गंमत या शब्दांना बगल देण्यात आहे. तुर्कीत ‘येशिल’ म्हणजे हिरवा आणि ‘येमयेशिल’ म्हणजे हिरवागार. ‘बेयाझ’ पांढरा, तर ‘बेंबेयाझ’ पांढराशुभ्र. जोर द्यायला ते शब्दाच्या आधी काही लावतात, आपण नंतर. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी भाताची श्रावणातली खाचरे ‘खूप हिरवी’ म्हणणाऱ्याने ती बहुधा गाडीच्या काचेतूनच पाहिलेली असतात. ती हिरवीगार असतात आणि बांधावरचा माणूस ओलाचिंब. शिवाय ही जोड पक्की: लालला ‘भडक’, काळ्याला ‘कुट्ट’, पिवळ्याला ‘धमक’. अदलाबदल करून बघा, पोरेसुद्धा हसतील.