सुताचा आहेर

दिवाळी आली की भेट काय द्यावी, हा विचार घरोघर सुरू होतो. मला हटकून १९४७ सालची एक भेट आठवते. २० नोव्हेंबरला इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह होता. सर्वस्व वाटून टाकलेले गांधीजी काय देणार? माउंटबॅटन यांनी चरखा सुचवला. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे जाळीदार वस्त्र क्रोशाने विणवून घेतले. मधोमध ‘जय हिंद’! वधूच्या आजी, राणी मेरी यांना तो पंचाच वाटला आणि त्या नाराज झाल्या. नातीने मात्र तो आहेर जपला. पुढे भारताच्या पंतप्रधानांना दाखवला. ज्या सुताने साम्राज्याशी झुंज दिली, तेच आहेरात गेले. वैर संपवावे कसे, हे वर्गात शिकवताना मला याहून चांगला दाखला सापडत नाही.