पुंगळीची लांबी

युद्धाच्या इतिहासांत सेनापतींचीं नांवें राहतात. काडतुसाच्या पितळी पुंगळीला कोणी विचारीत नाहीं. 1866 सालीं अमेरिकेंत बर्डन व इंग्लंडांत बॉक्सर यांनीं काडतुसाच्या बुडाशीं बसणाऱ्या टोप्या काढल्या. बॉक्सरची जळलेली टोपी सहज निघे. म्हणून तशी पुंगळी पुन्हां भरण्याची रीत पुढें अमेरिकन नेमबाजांत रुजली.

परंतु बार उडतांना व सांच्यांतून दाबतांना पितळ तोंडाकडे सरकतें, पुंगळी लांबते. 1906 सालच्या अमेरिकन लष्करी काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी 2.494 इंच; छाटून ती 2.484 करावी, असा नियम आहे. हा एक शतांश इंचाचा हिशेब चुकला, तर पुंगळीचें तोंड नळीच्या अरुंद भागांत शिरून गोळीला आवळतें, दाब भलताच वाढतो, आणि बंदूक धरणाराच्याच जिवावर बेततें.

म्हणून छाटण्याचें यंत्र घेतांना पाहावें तें हेंच, कीं तें पुंगळी घट्ट धरून दर वेळीं तीच लांबी देतें काय. लहान लेथसारखें यंत्र अनेक जातींच्या पुंगळ्यांस चालतें. ठराविक लांबीचें हातयंत्र एकाच जातीस, पण त्याचें माप सहसा ढळत नाहीं. वेगाचा विचार शेवटीं. आणि यंत्र कितीहि उत्तम असो, मोजल्यावांचून पुंगळी भरूं नये.