मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला इच्छामरण मागता येतं का? भारतातला कायदा काय सांगतो?

1985 साली मुंबई पोलीस दलातल्या एका शिपायाने महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर आत्महत्येचा प्रयत्न केला. रस्ते अपघातात त्याच्या डोक्याला मार लागला होता आणि पुढे मानसिक आजार जडला होता. पत्नीच्या नावाने भाजीच्या दुकानाची परवानगी मिळावी, यासाठी त्याची धडपड सुरू होती. त्याला वाचवण्यात आलं, पण त्याच्यावर भारतीय दंड विधानाच्या कलम 309 खाली गुन्हा दाखल झाला. आत्महत्येच्या प्रयत्नासाठी या कलमात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद होती.

हा खटला 'मारुती श्रीपती दुबळ विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ओळखला जातो. 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे पाटील यांच्या खंडपीठाने कलम 309 घटनाबाह्य ठरवलं. मानसिक आजारामुळे जीव द्यायला निघालेल्या माणसाला कोठडीची नव्हे, उपचारांची गरज असते, असं न्यायालयाने म्हटलं. मात्र त्याच निकालात एक रेषही आखली गेली. स्वतः जीव संपवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या हातून मरण घेणं वेगळं. दयामरणात दुसरी व्यक्ती आली की कायद्याच्या दृष्टीने ती हत्याच. जगभरच्या कायद्यांत नंतर बरेच बदल झाले, पण भारतात ही रेष आजही जागेवर आहे.

1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम 309 रद्द केलं. दोनच वर्षांत, 1996 च्या ग्यान कौर खटल्यात, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असं या पीठाने सांगितलं.

मग 2018 साली इच्छामरणाला परवानगी मिळाली, ती कोणती?

केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 2011 साली आणि 'कॉमन कॉज' खटल्यात 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय इच्छामरण मान्य केलं. म्हणजे बरं होण्याची आशाच उरली नसेल, तर व्हेंटिलेटरसारखे जीव धरून ठेवणारे उपचार थांबवता येतात. त्यासाठी वैद्यकीय मंडळांची संमती लागते. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनियाला हा निकाल लागू होत नाही, याचं कारण सोपं आहे. तिथे काढून घ्यायला यंत्रच नसतं. तिथे मरण मागायचं तर कुणीतरी ते द्यावं लागतं आणि त्याला भारतात परवानगी नाही. आत्महत्येला साहाय्य केल्यास भारतीय न्याय संहितेत दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मरणारी व्यक्ती अल्पवयीन किंवा मनोरुग्ण असेल, तर कलम 107 नुसार शिक्षा जन्मठेप किंवा मृत्युदंडापर्यंत जाते. थोडक्यात, काही देश ज्या रुग्णांसाठी हे दार उघडावं का यावर वाद घालतात, त्यांच्याच बाबतीत आपला कायदा सर्वांत कडक आहे.

बाहेर हा वाद नेदरलँड्समध्ये गाजला तो डॉ. बाउडेवाइन चाबो यांच्यामुळे. दोन्ही मुलं गमावलेल्या आणि शरीराने निरोगी असलेल्या पन्नाशीच्या एका महिलेला त्यांनी मरण्यास मदत केली. 1994 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेदना मनाची आहे की शरीराची, हा मुद्दा निर्णायक नाही. तरीही चाबो दोषी ठरले, कारण दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरने त्या महिलेला तपासलंच नव्हतं. त्यांना शिक्षा मात्र दिली नाही. बेल्जियमचा 2002 चा कायदाही मानसिक आजार वगळत नाही. पण मृत्यू जवळ नसेल तर आणखी एका तज्ज्ञाचं मत आणि किमान एक महिन्याची थांबण्याची मुदत तो घालतो. कॅनडाने 2021 मध्ये केवळ मानसिक आजार असलेल्यांनाही परवानगी द्यायचं ठरवलं, पण तारीख आधी 2024 आणि मग मार्च 2027 पर्यंत पुढे ढकलली.

समर्थक विचारतात, कर्करोगाची वेदना खरी आणि मनाची खोटी का? भारताचा 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही मनोरुग्णाला स्वतःच्या उपचारांचे निर्णय घेण्यास सक्षम मानतो, त्याला माहिती समजत असेल आणि परिणामांचा विचार करता येत असेल तर. मग शेवटचा निर्णयच त्याचा का नसावा?

विरोधकांचा मुद्दा असा की मरणाची इच्छा हे अनेकदा आजाराचंच लक्षण असतं. आजार ओसरला की इच्छाही जाते, आणि कुणाचा आजार कधीच बरा होणार नाही हे मानसोपचारात खात्रीने सांगणं फार कठीण आहे.

भारतात हा दुसरा मुद्दा जास्त वजनदार ठरतो. 'सगळे उपचार करून झाले' ही अट इथे कुणाच्या बाबतीत पूर्ण होणार? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. महाराष्ट्रात अनेक दशकं प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच राहिली: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नव्हतं. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, पण रुग्णाला दीर्घकाळ मनोरुग्णालयात ठेवायचं झालं, तर कुटुंबाला दुसऱ्या विभागाची वाट धरावी लागे. उपचार सुरूच झाले नसतील, तर ते संपले असं कोण ठरवणार?

2017 च्या कायद्याचं कलम 115 याच दिशेने जातं. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती असं ते गृहीत धरतं, तिला शिक्षा नको म्हणतं आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवतं. 1 जुलै 2024 पासून जुनं कलम 309 तर गेलंच. पण नव्या संहितेत कलम 226 आलं: सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केल्यास एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. आयुक्तांच्या कार्यालयाबाहेरचा तो शिपाई आज असता, तर त्याच्या बाजूने कलम 115 उभं राहिलं असतं की त्याच्या विरोधात 226, याचं उत्तर पुन्हा न्यायालयालाच द्यावं लागलं असतं.

(मनात जीव देण्याचे विचार येत असतील, किंवा जवळच्या कुणाबद्दल तशी काळजी वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं. ही सेवा चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही उपलब्ध आहे.)